‘पॅकेट फेका, ऑर्गेनिक द्या’ या मेसेजला उत्तर

कुत्री-मांजरं पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, सार एकच: पॅकेटचं खाणं विष आहे, त्यानेच किडन्या जातात, डॉक्टर लिहून देतात ते ‘किडनी डाएट’ म्हणजे कंपन्यांचा धंदा, आजारी प्राण्याला शुद्ध ऑर्गेनिक, बिनधान्याचं, जमलं तर कच्चं खाणं द्या, महिन्याभरात सगळं ताळ्यावर येईल. ज्याच्या घरी कुत्र्याने दोन दिवस ताटलीला तोंड लावलेलं नाही, त्याला हे पटकन पटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘ऑर्गेनिक असलं की आजारी प्राण्यालाही बाधत नाही’

ऑर्गेनिकचा शिक्का पीक कसं घेतलं, कोंबडी कशी वाढवली, एवढंच सांगतो. फवारणी नाही, चांगलंच आहे. पण किडनीच्या कुत्र्याला नडतो तो फॉस्फरस. थकलेल्या किडनीला तो पुरेसा बाहेर टाकता येत नाही, रक्तात साठतो आणि उरलीसुरली किडनीही लवकर खराब होते. कोंबडीच्या १०० ग्रॅम कलेजीत साधारण ३०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. कोंबडी अंगणात फिरून वाढलेली गावठी असो की पोल्ट्रीतली, कलेजी ती कलेजीच.

अंडं तर एकाच कवचात दोन टोकं घेऊन येतं. बलकात १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास फॉस्फरस, पांढऱ्यात जेमतेम १५. म्हणून किडनीच्या कुत्र्याला घरी शिजवून घालायचं असेल तर पांढऱ्यावर भर असतो आणि बलक मोजूनमापून. हे अंडं ऑर्गेनिक आहे की नाही, याने त्या हिशेबात काही फरक पडत नाही. मधुमेही कुत्र्याला सेंद्रिय गुळाचा खडा किंवा स्वादुपिंडाला सूज आलेल्याला घरचं साजूक तूप, हीही त्यातलीच गत. माया खरी असते, साखर आणि चरबीही खरीच असते.

‘किडनी डाएट हा निव्वळ धंदा आहे’

धंदा आहेच. दोन किलोची पिशवी दोन हजारांच्या आसपास जाते, आणि जिथे तपासणी तिथेच विक्री असली की मनात शंका येणं साहजिक आहे. पण धंदा आहे म्हणून उपयोग नाही, असं होत नाही. २००२ साली अमेरिकेत किडनीच्या ३८ कुत्र्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. काहींना नेहमीचं खाणं, काहींना किडनीचं. किडनीचं खाणं खाणाऱ्यांत रक्तात विषारी द्रव्यं साठून प्रकृती ढासळण्याचे प्रसंग कमी आणि उशिरा आले, आणि ते कुत्रे जास्त जगले. मांजरांतही पुढे असंच दिसलं. त्या पिशवीत जादू नाही: फॉस्फरस आणि मीठ कमी, प्रथिनं बेताची पण चांगल्या प्रतीची, ओमेगा-३ जास्त.

मात्र ही पिशवी रिपोर्ट बघून आणायची असते. शेजारच्या लॅब्रडॉरला मानवली म्हणून आपल्या वाढत्या पिल्लाला घातली, तर नुकसानच.

‘पॅकेटच्या खाण्यानेच किडन्या जातात’

ही भीती हवेतून आलेली नाही. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत मेलामाइन, म्हणजे प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन, मिसळलेलं पेट फूड खाऊन कुत्री-मांजरं किडन्या निकामी होऊन मेली. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रथिनात) भेसळ होती, आणि माल परत मागवावा लागला. ती भेसळ होती आणि गुन्हा होता. त्यावरून रोजचं किबल, म्हणजे पॅकेटमधलं कोरडं दाणेदार खाणं, किडनी खातं, असं ठरत नाही. म्हातारपण, जंतुसंसर्ग, गोचिडांमुळे होणारे ताप, चुकून खाल्लेल्या मनुका, काही जातींत वंशपरंपरा, अशी किडनी जाण्याची बरीच कारणं आहेत.

‘घरचं ताजं, म्हणजे पूर्ण’

इथे मेसेज सर्वांत जास्त फसवतो. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, इंटरनेटवरच्या, काही पशुवैद्यांनी लिहिलेल्याही. ९५ टक्क्यांत निदान एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता.

आपल्याकडचा चिकन-भातच घ्या. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस बराच आणि कॅल्शियम अगदी नगण्य. कुत्र्याला मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढतं. वरून गाजर, भोपळा, हळद घातल्याने ही तूट भरत नाही.

मांजराचं आणखी वेगळं. दूधभातावर वाढलेली मांजरं आपण सगळ्यांनी पाहिलीत, पण ती उंदीर, पाली आणि शेजारच्यांचे बोंबील खाऊन वरची भरपाई करत होती. फ्लॅटमधल्या मांजराला ही सोय नाही. टॉरिन हा मांस-मासळीत असणारा घटक मिळाला नाही तर मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. गंमत म्हणजे ती कमतरता तेव्हाच्या पॅकेटच्या खाण्यातच सापडली होती. कंपन्यांनी त्यानंतर टॉरिन वाढवलं. भातात ते नसतंच.

घरी शिजवू नये, असं म्हणणं नाही. पशुआहार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून त्या प्राण्याच्या रिपोर्टवर बेतलेली कृती घ्या, वजनकाटा घ्या, लिहून दिलेली कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पूड चुकवू नका. ‘अंदाजे मूठभर’ इथे चालत नाही.

‘धान्य काढा, खाज जाईल’

कुत्र्यांत अन्नाच्या अॅलर्जीसाठी सर्वाधिक आढळणारी नावं बीफ, दुग्धजन्य पदार्थ आणि चिकन ही आहेत. गहू त्यांच्या मागे. अॅलर्जी शोधायची तर आठेक आठवडे काटेकोर ठरावीक खाणं द्यावं लागतं, मध्ये एक बिस्किटही नाही. आजी गुपचूप पोळीचा तुकडा टाकते तिथेच तो प्रयोग संपतो. उलट, धान्याऐवजी वाटाणे-मसूर भरलेल्या खाण्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्ये सुरू केली. कार्यकारण सिद्ध झालेलं नाही, पण आधीच हृदयरोगी असलेल्या कुत्र्यावर हा प्रयोग कशाला?

‘कच्चं हेच नैसर्गिक’

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये कच्चं गोठवलेलं टर्कीचं पेट फूड खाऊन एक घरातलं मांजर याच विषाणूने मेलं. वाघांना संसर्ग कुठून झाला यावर चर्चा होऊ शकते, ओरेगॉनच्या मांजराबाबत तो त्या खाण्यातूनच आला होता. आणि साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू तर साध्या कच्च्या चिकनमध्येही असतो. स्टेरॉइडवर किंवा केमोवर असलेल्या प्राण्याला, आणि त्याच घरातल्या तान्ह्या बाळाला, तो परवडणारा नाही.

‘भूक लागली की खाईल’

मेसेजच्या शेवटी हे हमखास असतं: जुनं एकदम बंद करा, दोन दिवस उपाशी राहील, मग नवं खाईल. कुत्र्याचं पोट बिघडेल. मांजराचा जीव जाईल. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून ते कोसळू शकतं. बदल करायचा तो आठ-दहा दिवसांत, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत. डॉक्टरांनी दिलेलं महागडं किडनीचं खाणंही मांजर हुंगून निघून जात असेल, तर ते बाजूला ठेवून ते जे खाईल ते आधी द्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.