उडताना पंख बघितले का?

नाशिकजवळ गोदावरी-कादवाच्या संगमावरच्या नांदूर मध्यमेश्वरला लोक फ्लेमिंगो बघायला जातात ते बरं असतं, गुलाबी, उंच, लांबून पण कळतो, फोटो काढला की माणूस चापडगावात चहा प्यायला मोकळा. २०२० ला ही जागा रामसर साईट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली, राज्यातली पहिली, तेव्हापासून गर्दी पण वाढलीय. आमच्या नशिबी मात्र चिखल्या. मुठीएवढा पक्षी, पाठ गाळाच्याच रंगाची, आणि स्वभाव असा की चार पावलं तुरुतुरु पळणार, गपकन थांबणार, एक टोच मारणार आणि तुम्ही स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, फोकस करेपर्यंत परत पळणार. स्कोपमध्ये उरतं एक ढेकूळ. ते मात्र काय शार्प दिसतं राव!

कुठला चिखल्या ते ओळखणं पुस्तकात एकदम सोप्पंय. गळ्यात पूर्ण काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळी रिंग म्हणजे कंठेरी चिखल्या. पट्टा मध्ये तुटलेला, पाय काळपट, म्हणजे केंटिश चिखल्या. पण हिवाळ्यात काळ्याचं तपकिरी होतं, आणि कंठेरीच्या पिल्लांचा पट्टा पण मध्ये तुटका असतो, मग काय करायचं? पाय बघावेत तर ते गाळाने माखलेले. पायाचा रंग काय, तर गोदावरी अधिक कादवा. त्यात लेसर सँड प्लोव्हर या आणखी एका चिखल्याचे शास्त्रज्ञांनी आता दोन वेगळे पक्षी केलेत, सायबेरियन आणि तिबेटन. आम्हाला एकच जमत नव्हता म्हणून असेल.

गाईड पोरगा दुर्बीण पण न लावता म्हणतो, कंठेरी आहे साहेब. कशावरून रे? तर म्हणे, ओरडला ना आत्ता.

पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला की एक काका लगेच विचारणार, उडताना पंख बघितले का? बरोबरच आहे त्यांचं, केंटिशच्या पंखावर पांढरी पट्टी ठळक दिसते, कंठेरीच्या जवळपास नसतेच. म्हणून मी बांधावर उन्हात बसून ते उडायची वाट बघत राहिलो, बायको गाडीत बसून माझी. शेवटी कुठूनतरी एक टिटवी आली, गळा काढून बोंबलायला लागली आणि अख्खा थवा उठला, उठला तो थेट सूर्याच्या दिशेने. उन्हाच्या समोर सगळ्यांचेच पंख काळे! बायकोने काच खाली करून सांगितलं, "ही टिटवी आहे, मला येते ओळखता, चला आता."

काकांना सगळं कळवलं. बरं मग आवाज तरी रेकॉर्ड केला का, म्हणाले. केला होता की. सुरुवातीपासून शेवटपर्यंत टिटवी, आणि मध्ये एकदा हॉर्न.