सरांच्या ओट्यावरचा वर्ग

सर गेल्याचं मला भावाच्या मेसेजवरून कळलं. आमच्या गावात, कर्नाटकातल्या बेळगावच्या सीमाभागात, दुपारचे दोन वाजले होते, इथे कॅनडात मॉन्ट्रियलला पहाटेचे साडेचार. तीन आठवडे झाले त्याला. लिहीन लिहीन म्हणत होते पण धीर होत नव्हता, आणि आता बसलेय ते आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर जे चाललंय ते बघवत नाही म्हणून.

चाललंय काय, तर सरांच्या नावाने गावाच्या वेशीत कमान बांधायची ठरलीय, वर्गणी सुरू झालीय, आणि भांडण लागलंय ते कमानीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून. 2024 च्या कायद्याने कर्नाटकात दुकानं, हॉटेलं, दवाखाने सगळ्यांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड लागतं, तर एक जण म्हणतो आधीच नियमात बसवा नाहीतर उद्या उतरवतील, दुसरा म्हणतो कन्नड वर असेल तर माझे पैसे परत द्या, तिसऱ्याने बेळगावजवळच्या येळ्ळूरची आठवण काढली, 2014 ला तिथला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक उखडला आणि गावात लाठ्या चालल्या ते. इथपर्यंत मला सगळ्यांचं कळतं. पण मग एकाने लिहिलं की ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना कन्नड शिकवलं त्याच्यासाठी मराठी कमान कशाला हवी. ते वाचल्यावर मी फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. आजोबा वारल्यावर शेताला वारसा लावला होता आणि त्यात धाकट्या काकाचं नाव गळलं होतं. दोन वर्षं उतारा आमच्या ट्रंकेत पडून होता पण कुणालाच ते कळलं नाही, कारण उतारा कन्नडमध्ये आणि घरात कन्नड वाचणारं कुणी नाही. बाबांनी शेवटी तो सरांकडे नेला, मी सोबत होते. सरांनी चष्मा पुसला, एकेका ओळीखाली बोट ठेवत आधी कन्नड वाचलं, मग मराठीत सांगितलं, परत पहिल्या ओळीपासून वाचलं आणि म्हणाले, यात धाकट्याचं नाव नाही की हो. बाबांचा चेहरा मला अजून दिसतो. आपल्याच शेताचा कागद, आणि तो वाचायला दुसऱ्याच्या दारात. सर माझ्याकडे वळून म्हणाले, पुढच्या खेपेला तू वाचायचं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या ओट्यावर वर्ग सुरू झाला. शहाबादी फरशीवर खडूने वर देवनागरी क, खाली कन्नड क, पोरांनी ओल्या फडक्याने पुसायचं आणि परत लिहायचं. एसटीच्या पाटीवरचे कन्नड आकडे, गावांची नावं, मग पंचायतीची नोटीस. पुस्तक फार नंतर आलं. आमचे पाच जण होते, नंतर पंधरा-वीस झाले, आणि एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, कन्नड म्हटलं की ज्यांना घाम फुटायचा ती पोरं शांतपणे पेपर देऊन आली. माझ्यानंतरच्या कितीतरी बॅचेस तिथेच शिकल्या.

पण यातला दुसरा भाग ग्रुपवर कुणीच सांगत नाहीये. सर दरवर्षी तालुक्याच्या ऑफिसात अर्ज द्यायचे की ज्या गावात मराठी लोक 15 टक्क्यांच्या वर आहेत तिथे कागदपत्रं मराठीतही मिळाली पाहिजेत, आमच्या गावात तर जवळपास सगळेच मराठी. अर्ज मराठीत असायचा. आणि त्याच्या मागे कन्नड प्रत टाचलेली असायची, स्वतःच्या अक्षरात, म्हणजे वाचता येत नाही असं कुणी म्हणू नये. 1 जूनला हिंडलग्याला, 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या स्मारकाला, ते चालत जायचे, आणि त्याच संध्याकाळी ओट्यावर आम्हाला कन्नड बाराखडी घ्यायचे. त्यांना त्यात काही विसंगत वाटायचं नाही, मलाही वाटत नाही.

(आणखी एक, आमच्याकडे बायका-मुली 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यात पहिल्या नोकरीत त्यावरून मला इतकं हसले की मी बोलायचीच बंद झाले होते. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ती आपल्याकडची मराठी आहे, चूक नाही ती.)

इथे क्यूबेकमध्ये 1977 पासून कायदा आहे, आमच्यासारख्या बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच जायचं. माझा मुलगा सहा वर्षांचा होता, पहिलं वर्ष नवीन आलेल्या पोरांच्या वेगळ्या वर्गात काढलं, आता फ्रेंचमध्ये भांडतो. जून 2025 पासून तर दुकानाच्या पाटीवर दुसरी भाषा असेल तर फ्रेंचला तिच्या दुप्पट जागा द्यावी लागते. हे सगळं बघताना मला पहिल्यांदा कन्नड माणसाची भीती कळली, खरंच कळली. सगळीकडून इंग्रजीने वेढलेल्या खंडात आपली भाषा टिकेल का ही फ्रेंच लोकांची भीती आणि बेंगळुरूत कन्नड ऐकू येत नाही ही तिथल्या माणसाची भीती फार लांबची नाही.

पण म्हणून जे लोक सांगतात की तू तिकडे मुकाट्याने फ्रेंच शिकतेस, मग इकडे कन्नडला विरोध कसला, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की मी इथे आले. व्हिसा काढून, फॉर्मवर सह्या करून, नियम माहीत असताना आले. माझे बाबा कुठून कुठे आले नव्हते. ते त्याच घरात होते, त्याच शेतात, आणि 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य बदललं, आमचा भाग मुंबई राज्यातून आताच्या कर्नाटकात गेला. आणि क्यूबेकमध्येसुद्धा जे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच इंग्रजी लोक आहेत त्यांना त्यांच्या शाळा आहेत, शाळा चालवायची मंडळं आहेत, 1982 च्या घटनेत तसा हक्क लिहिलेला आहे. आपल्या घटनेतही आहे, कलम 350 क, अल्पसंख्य भाषेतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी म्हणून. तेही 1956 च्याच दुरुस्तीने आलं. सरांच्या अर्जात हे कलम दरवर्षी असायचं.

सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून महाराष्ट्राने केलेला दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तो कधी लागायचा तेव्हा लागेल. तोवर गावातली मराठी शाळा चालली पाहिजे, आणि ती चालत नाहीये हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. आमच्या वेळी एका वर्गात चाळीस पोरं, आता अख्ख्या शाळेत मिळून तेवढी नाहीत. कमानीवर मराठी वर पाहिजे म्हणून तावातावाने लिहिणाऱ्या बहुतेकांची पोरं इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या बसमधून जातात. त्यांचं मला चुकतंय असं म्हणायचं नाही, माझा मुलगाही आज्जीशी मराठी बोलतो पण तिने लिहिलेलं पत्र त्याला वाचता येत नाही, आणि ते मला फार सलतं. पण मग कमानीसाठी भांडायला आपल्याकडे जोर आहे आणि शाळेत एक संध्याकाळ द्यायला नाही, हे बरोबर नाही.

माझी वर्गणी मी कमानीला देणार नाही, ग्रुपवर सांगितलंय तसं. ती ओट्यासाठी आहे. सरांच्या घरच्यांनी जागा वापरायला होकार दिलाय, पावसाचं पाणी आत येतं म्हणून पुढे पत्रा घालायचाय, दोन बल्ब आणि एक मोठा फळा घ्यायचाय. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला, माझ्या सकाळी नऊला, मी व्हिडिओ कॉलवर कन्नड वाचन घेतेय, दोन शनिवार झाले, भावाने घरातून जुना उतारा नेऊन दिलाय आणि पोरं त्याच्यावरच शिकतायत. परवा एका मुलीने आमच्या शेताचा सर्व्हे नंबर अडखळत वाचला आणि म्हणाली, टीचर, मी वाचलो.

सोमवारी माझी मैत्रीण मराठीचा वर्ग घेणार आहे. तालुक्याच्या अर्जाचं काम भावाने घेतलंय, दोन्ही प्रती. मंगळवार आणि गुरुवार अजून रिकामे आहेत, गावात राहणाऱ्या कुणाला जमत असेल तर त्याला सांगा.