लिंक्डइनवर हम्बल्ड व्हायचं असेल तर

सगळ्यात आधी तुमच्या आयुष्यात जे खरंच घडलंय ते बाजूला ठेवा, त्याचा इथे काही उपयोग नाही. मी स्वतः हा मूर्खपणा केलाय म्हणून सांगतो. गेल्या वर्षी शनिवारी रात्री आमचा एक जॉब, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, सारखा फेल होत होता, आम्ही चार सीनियर लोक सर्व्हरवर संशय घेत बसलो होतो आणि पहाटे 3 वाजता टीममधल्या सगळ्यात नव्या पोरीने शोधून काढलं की क्लायंटच्या फाईलमध्ये तारखेच्या पुढे एक स्पेस पडलीय. एक स्पेस! मी ते जसंच्या तसं लिहिलं, तिला टॅग केलं, चूक कशी पकडली तेही सांगितलं. 14 लाईक. त्यातले 9 ऑफिसचे आणि एक एचआरचा, जो कशालाही लाईक करतो.

तर आता नीट ऐका. प्रमोशन मिळालं तर आनंद झाला असं लिहायचं नाही, ‘हम्बल्ड’, म्हणजे ‘नम्र झालो’, लिहायचं. आपल्याकडे प्रमोशन झालं की पेढे वाटायची पद्धत, पण लिंक्डइनवर पेढे चालत नाहीत, तिथे हात जोडलेला इमोजी टाकायचा आणि 47 लोकांना टॅग करायचं, त्यातल्या निम्म्यांना तुम्ही कोण हे आठवत नसलं तरी चालेल.

मग पोस्टची बांधणी. एका पोस्टमध्ये 3000 अक्षरं बसतात पण फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीनच ओळी दिसतात, पुढचं वाचायला ‘आणखी पहा’ दाबावं लागतं, आणि माणूस पोस्टवर किती वेळ रेंगाळला हे मोजलं जातं, हे लिंक्डइनच्याच इंजिनियर लोकांनी 2020 मध्ये लिहून ठेवलंय. म्हणून एक वाक्य, मग मोकळी ओळ, मग एक वाक्य. असं:

मी त्याला नोकरी नाकारली.

तो रडला.

आज तो माझा बॉस आहे.

कोण तो, का रडला, मध्ये काय झालं, असले प्रश्न विचारायचे नाहीत. तुम्ही ‘आणखी पहा’ दाबलंत ना? मग झालं त्याचं काम.

आता पात्रं. एक रिक्षावाला हवाच. खरं तर पुण्यात रिक्षावाला मीटरने यायला तयार झाला हीच व्हायरल होण्याजोगी बातमी आहे, पण तुमचा रिक्षावाला त्याच्या पुढे जाऊन तुम्हाला कस्टमर रिटेन्शन, म्हणजे गिऱ्हाईक कसं टिकवायचं, ते शिकवतो. कोथरूड ते हिंजवडी. तीन धडे. एवढ्या ट्रॅफिकमध्ये खरं तर तीसेक तरी व्हायला हवेत, पण लोकांना तीनच आवडतात. रिक्षावाला नको असेल तर चहावाला घ्या, वॉचमन घ्या, नाहीतर सहा वर्षांची मुलगी घ्या जी झोपताना विचारते, ‘बाबा, लीडरशिप म्हणजे काय?’ (माझी मुलगी झोपताना फक्त पाणी मागते. चार वेळा.)

रडता येत असेल तर उत्तमच. ऑगस्ट 2022 मध्ये ओहायोतल्या एका मार्केटिंग कंपनीच्या सीईओने माणसं कामावरून काढली आणि मग स्वतःचा रडतानाचा सेल्फी टाकला. जगभर गाजला तो! नोकरी ज्यांची गेली ते पण रडले असतील, पण त्यांचा फोटो नव्हता ना.

कमेंट मागायच्या, पण भीक मागतोय असं दिसू द्यायचं नाही. ‘लाईक करा, शेअर करा’ हा जुना माल झाला, फेसबुकने डिसेंबर 2017 मध्येच असल्या पोस्ट खाली ढकलणार म्हणून सांगितलं, लिंक्डइननेही 2022 मध्ये तेच सांगितलं. म्हणून आता शेवटी नुसतं ‘सहमत?’ लिहायचं. किंवा ‘कमेंटमध्ये रोडमॅप लिहा, पीडीएफ पाठवतो’. पीडीएफ दुसऱ्याच कुणाची तरी असते, पण 600 लोक एकाखाली एक रोडमॅप, रोडमॅप, रोडमॅप असं जप केल्यासारखं लिहितात ते बघून छाती भरून येते. तेवढंही जमत नसेल तर ‘रविवारी मेल न बघणाऱ्याला मी टीममध्ये घेत नाही’ असं ठोकून द्या. लोक येऊन शिव्या घालतील, घालू द्या, शिवी पण कमेंटच आहे, ती मोजताना कुणी चेहरा बघत नाही. तुम्ही फक्त प्रत्येकाला ‘इंटरेस्टिंग पर्स्पेक्टिव्ह’ म्हणत राहायचं.

आणि शेवटचं, आई-वडिलांचं स्ट्रगल. हे कधीच फेल जात नाही. मीही लिहिलं, की बाबा रोज 12 किलोमीटर सायकल मारत ऑफिसला जायचे, पावसात, फाटक्या रेनकोटमध्ये, आणि तिथून मी ग्रिट, म्हणजे चिकाटी, शिकलो. रात्रीत 2000 लाईक. फक्त एक चूक झाली, बाबा रिटायर झाल्यावर मीच त्यांना लिंक्डइनचं अकाउंट काढून दिलं होतं. सकाळी त्यांची कमेंट:

‘पोस्ट वाचली. सायकल तुझ्या काकाची. आपल्याकडे 1986 पासून चेतक स्कूटर होती, तू पुढे उभा राहायचास. रेनकोट डकबॅकचा होता, फाटला नव्हता. बाकी लेखन उत्तम.’

मी धावत डिलीट करायला गेलो तर त्याखाली 31 रिप्लाय. कोण विचारतंय बुकिंग केल्यावर किती वर्षं थांबलात, कोण सांगतंय आमची पण आडवी केल्याशिवाय सुरू व्हायची नाही, एका व्हीपीने वडिलांचा स्कूटरवरचा फोटोच टाकलाय. बाबांना आता रोज कनेक्शन रिक्वेस्ट येतात. आई जेवायला हाका मारते आणि ते म्हणतात थांब गं, नागपूरचा एकजण विचारतोय, प्लगमधला कचरा कसा काढायचो, त्याला नीट लिहून देतो.