पाच चौकोन आणि पाव किलो कुंदा

काल मी समोरच्या शिंपी अण्णांकडून पाव किलो कुंदा (आमच्याकडची दुधाची मिठाई) हरलो. तोही एका इंग्रजी शब्दापायी.

बेळगावच्या शहापुरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावाला, खरा धंदा फॉर्म भरून द्यायचा. 25 वर्षं झाली, लोकांची नावं चौकोनांत बसवतोय. एका चौकोनात एक अक्षर, कॅपिटल, खाडाखोड चालणार नाही. पॅनकार्डाचा नंबर बघा कधीतरी नीट. आधी 5 अक्षरं, मग 4 आकडे, शेवटी 1 अक्षर. कार्ड माणसाचं असेल तर चौथं अक्षर पी, आणि पाचवं त्याच्या आडनावाचं पहिलं. आमच्याकडे पाटलांना तोटा नाही, त्यामुळे 'पी पी' दिसलं की कोण आलंय ते मान वर न करता कळतं.

त्यामुळे पुण्याच्या भाच्यानं वर्डल हा खेळ मोबाइलवर घालून दिला तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच काम. पाच चौकोन, पाच अक्षरांचा इंग्रजी शब्द ओळखायचा, सहा डाव. अक्षर जागेवर असेल तर हिरवं, शब्दात आहे पण जागा चुकली तर पिवळं, नसेलच तर करडं. जॉश वॉर्डल नावाच्या माणसानं हा खेळ आपल्या जोडीदारासाठी, पलक शहासाठी केला. 2021 च्या ऑक्टोबरात तो सगळ्यांना खुला झाला आणि 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकतही घेतला. इंग्रजीत पाच अक्षरी शब्द 12 हजारांच्या आसपास. ते चाळून त्यातले ओळखीचे अडीच हजारभर बाजूला काढले ते या पलकबाईंनी. खरा खेळ तिनं केला असं माझं मत. नाहीतर रोज डिक्शनरी घेऊन बसावं लागलं असतं.

भाचा कॉन्व्हेंटचा. फाडफाड बोलतो. मी खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतला, एबीसीडी पाचवीत पाहिली. बी-यू-टी बट, पी-यू-टी पुट, असं का म्हणून विचारलं की छडी. तरी या खेळात दहातले सात दिवस मी त्याच्या पुढे असतो. कारण हा खेळ इंग्रजी बोलता येतं का हे विचारतच नाही. कुठल्या अक्षराशेजारी कुठलं बसतं, एवढंच विचारतो. क्यूनंतर बहुतेक वेळा यू येणार, एच एकटा कमी, सी-टी-एसच्या मागे जास्त. हे आम्ही घोकून घोकून हाडात मुरवलंय. घोकंपट्टीला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर बसावं.

अडला की भाचा नेटवर यादी काढतो. 'पाच अक्षरी, शेवटी अमुक तमुक' टाकलं की शब्दांची रास समोर. मला ते पटत नाही. पण कालचा डाव असा होता की यादीही काही कामाची नव्हती.

झालं काय, सकाळी दुकान उघडलं आणि लाईट गेली. त्या वैतागात पहिला शब्दच 'लाईट' टाकला. एल करडा, पुढचे चारही हिरवे! आय-जी-एच-टी. अण्णा मशीन सोडून बघायला आले. मी म्हटलं, "आता काय, झालंच की. पाव किलो कुंदा लावता?" ते "लावूया की" म्हणाले.

नाईट. नाही. राईट. नाही. साईट, फाईट, माईट. सहा डाव संपले आणि खाली उत्तर आलं: टाईट.

अण्णा पोट धरून हसले. दिवसभर त्यांच्या दुकानात दुसरा शब्द नसतो, "कमरेत टाईट होतंय ओ." यादीनं मला या सगळ्या शब्दांची नावं सांगितली असती, पण त्यातला कुठला ते नसतं सांगितलं. खरं तर दुसऱ्या डावाला मुद्दाम 'फर्म्स' टाकायला हवा होता. उत्तर तो नाही हे पक्कं ठाऊक असतानाही! एफ, आर, एम, एस चारही एका फटक्यात तपासले गेले असते. चार हिरवे बघितले की डोकं फिरतं, दुसरं काय.

मग चहा आला आणि अण्णांनी विचारलं, हे मराठीत, कन्नडात का नाही करत? मला तिथंच गंमत दिसली. चौकोनात घालणार काय? 'स्वातंत्र्य' हे आपण तीन अक्षरी म्हणतो, स्वा-तं-त्र्य, आणि त्या तिसऱ्या अक्षरात किती माणसं कोंबलीत बघा. कन्नडातही तसंच, जोडाक्षर लटकतं ते खाली. आमचं गाव इंग्रजीत बेलगाम होतं तेव्हा सात अक्षरांचं, 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून बेळगावी झालं आणि आठ अक्षरांचं. फॉर्मात एक चौकोन जास्त, माझ्या डोक्याला एक ताप जास्त. पण मी बोटांवर मोजलं, बे-ळ-गा-व, चार. अण्णांनी त्यांचं मोजलं, बे-ळ-गा-वि. "नाल्क," म्हणाले, म्हणजे चारच. आणि तो ळ दोघांचाही! इंग्रजीनं त्याचा एल करून टाकलाय.

या नावावरून गावात काय काय झालं ते इथं लिहीत नाही. कमेंटमध्येही नको, हात जोडतो.

कुंदा संध्याकाळी आणून दिला. निम्मा मीच खाल्ला.

आज सकाळी शटर वर करतोय तर अण्णा पलीकडून ओरडले, "आज लूज टाकून बघा की ओ! मोजलंय मी, पाच होतात."

टाकलं. एक ओ हिरवा आलाय. गिऱ्हाईक उभं आहे, पुढचं दुपारी.