मेश बारीक केली म्हणजे फील्ड खरं झालं असं नाही

हाय व्होल्टेजचं डिझाइन करणाऱ्यांत एक मेसेज सारखा फिरतोय: मेश (कॉम्प्युटरवर इलेक्ट्रिक फील्ड काढताना मॉडेलचे जे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट्स, पाडतात त्यांची जाळी) जितकी बारीक तितकं उत्तर खरं, हवेतलं मॅक्झिमम फील्ड ३ केव्ही प्रति मिमीच्या खाली आलं की डिझाइन पास, आणि एवढं केल्यावर टेस्टिंग म्हणजे नुसता खर्च. नवीन मुलं हे प्रमाण मानून चाललीत, म्हणून लिहायला बसलो.

आधी मेशचं बघू. चौकोनी इलेक्ट्रोड घ्या, ९० अंशाचा कोपरा तसाच टोकदार ठेवा आणि सॉल्व्ह करा. समजा कोपऱ्यावर ४ केव्ही प्रति मिमी आलं. तिथली एलिमेंट्स निम्म्या साइझची करा, ५ येईल, परत निम्मी करा, ६.३, आणखी एकदा केली की ८. हे थांबणारच नाही, कारण अशा कोपऱ्यावर फील्ड गणितातच अनंत आहे, जवळ जाल तसं ते अंतराच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढत जातं. म्हणजे रिपोर्टमध्ये जो आकडा लिहिला तो इलेक्ट्रोडचा नव्हताच, तुमच्या एलिमेंटच्या साइझचा होता! ड्रॉइंगवरचा खरा रेडियस मॉडेलमध्ये टाका, त्या गोलाईवर पुरेशी एलिमेंट्स द्या, मग आकडा एका जागी टेकतो, आणि तेव्हा मेश बारीक करण्याला अर्थ आहे. सेटअपवर भरवसा नसेल तर आधी कोएक्सियल सिलिंडर (एकाच अक्षावर एकात एक बसलेले दोन सिलिंडर), ज्याचं उत्तर सूत्रानेच निघतं, सोडवून बघा: आतला रेडियस १० मिमी, बाहेरचा २७.२, व्होल्टेज १० केव्ही, आतल्या पृष्ठभागावर १ केव्ही प्रति मिमी आलंच पाहिजे, नाही आलं तर पुढे जाऊच नका.

आता ते ३ केव्ही. हा आकडा समान फील्ड, साधारण १ सेंमी गॅप आणि नेहमीच्या दाबाच्या हवेचा आहे. गॅप १ मिमी असेल तर हवा साडेचारच्या आसपास सोसते, आणि बारीक तारेच्या पृष्ठभागावर ३ च्या बरंच वर गेल्याशिवाय कोरोना (तारेलगतच्या हवेतला डिस्चार्ज) सुरूच होत नाही. उलट रॉड आणि प्लेटच्या मोठ्या गॅपमध्ये रॉड पॉझिटिव्ह असेल तर सरासरी ०.५ केव्ही प्रति मिमीलाच फ्लॅशओव्हर होऊ शकतो, म्हणजे ठिणगी पूर्ण गॅप ओलांडते. फील्डच्या रंगीत चित्रात एका बिंदूवरचा लाल रंग, म्हणजे मॅक्झिमम, बघून हे कळणार कसं? इलेक्ट्रोडपासून निघणाऱ्या फील्ड लाइनवर फील्ड कसं उतरतंय ते काढून त्यावर आयनायझेशनचा (हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याचा) हिशोब करावा लागतो, आणि सॉल्व्ह झाल्यावरच्या पोस्टप्रोसेसिंगमधलं खरं काम तेच आहे.

डीसीला एसीचंच मॉडेल वापरणारेही पाहिलेत, तिथे इन्सुलेशनमध्ये फील्ड कसं वाटलं जाईल ते परमिटिव्हिटी (पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक) नाही तर कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) ठरवते आणि ती तापमानाबरोबर बदलते, त्यामुळे लोडवरच्या डीसी केबलमध्ये सगळ्यात जास्त फील्ड आतून सरकून बाहेरच्या बाजूला जाऊ शकतं.

राहिलं टेस्टिंग. इन्सुलेशनसाठी ओततात त्या एपॉक्सीची परमिटिव्हिटी साधारण ४ धरा. त्यात गोल बुडबुडा राहिला तर आतलं फील्ड आजूबाजूच्या १.३३ पट होतं, पण इन्सर्टपासून (एपॉक्सीत बसवलेल्या धातूच्या भागापासून) एपॉक्सी सुटून फील्डला आडवी अशी चपटी फट पडली तर जवळपास ४ पट. एपॉक्सीत २ केव्ही प्रति मिमी, दिसायला निवांत, आणि त्या अर्ध्या मिमीच्या फटीत ८, जे तेवढी हवा सोसूच शकत नाही, मग आत डिस्चार्ज सुरू होऊन एपॉक्सी हळूहळू खाल्ली जाते. ही फट कॅड मॉडेलमध्ये कुणीच काढलेली नसते, ती कास्टिंगमध्ये तयार होते, आणि सापडते ती पार्शियल डिस्चार्ज टेस्टमध्ये, म्हणजे असे आतले छोटे डिस्चार्ज मोजणाऱ्या टेस्टमध्ये.