'दयेचा माल' म्हणे!

दिवाळी तोंडावर आली की तो निरोप पुन्हा फिरायला लागतो. दिव्यांगांच्या कार्यशाळा म्हणजे दयेवर चालणारी दुकानं. माल सुमार, लोक पुण्य म्हणून घेतात. त्यापेक्षा सरळ पेन्शन द्या आणि घरी सुखात राहू द्या. यंदा तो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला आणि त्याखाली अठ्ठावीस अंगठे पडले.

माल सुमार? बाबा आमटे १९५० च्या सुमारास कुष्ठरोग्यांना घेऊन वरोऱ्याजवळच्या माळावर गेले आणि आनंदवन उभं राहिलं. तिथे भाजी पिकली, पण वरोऱ्यात कोणी ती घेईना. खोट भाजीत नव्हती, गिऱ्हाइकाच्या मनात होती. पुढे परदेशी स्वयंसेवक तिथे राहून राबले, तीच भाजी खाऊ लागले, तेव्हा कुठे गावाची भीड चेपली. आज तिथे माग चालतात, सुतारकाम होतं.

आता हाताला मदत लागते, हे खरं. कार्यशाळेत दहापर्यंत मोजता न येणाऱ्या मुलापुढे दहा खळग्यांची पाटी ठेवतात. एका खळग्यात एक पणती. पाटी भरली की एक खोका तयार. मोजणी पाटीने केली. वाण्याला बेरजेसाठी कॅल्क्युलेटर लागतो, म्हणून त्याच्या दुकानाला कोणी दयेचं दुकान म्हणत नाही.

दयेपोटी घेतात, हे मात्र अर्धं मान्य. पण दोष कोणाचा? ऑफिसांनी ऑक्टोबरात यांचा स्टॉल लावायचा, पणतीबरोबर फोटो काढायचा आणि उरलेले अकरा महिने फाइली, पाकिटं, पिशव्या दुसरीकडून मागवायच्या. वर्षाला एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकावर कुठलाच धंदा चालत नाही, धडधाकट माणसाचासुद्धा. आणि संस्थांनाही एक विचारायला हवं: जिथे तिथे मेणबत्त्याच का? शिकवायला सोप्या म्हणून, की खपतात म्हणून?

पेन्शनचं तर कोडंच आहे. संजय गांधी निराधार योजना आहेच. ती हवी, वाढायलाही हवी. पण पेन्शन की काम, असा सौदा कायद्याने कुठे सांगितलाय? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात व्यवसाय प्रशिक्षणाची तरतूद आहे, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे आणि त्यात कुष्ठमुक्तांचाही वाटा आहे. 'घरी सुखात' म्हणणाऱ्याने चार महिने चार भिंतींत काढून पाहावेत.

त्या निरोपात जे असायला हवं होतं ते नेमकं नाही: मजुरी. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ ने अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळण्याची मुभा सरकारला दिली होती. म्हणजे त्यांचा घाम स्वस्त असू शकतो, हे कायद्यातच लिहून ठेवलं होतं. संतापायचंच तर यावर संतापा.

आमच्या सोसायटीला वर्षभर फाइली आणि पाकिटं लागतात. अशा एखाद्या कार्यशाळेकडून दरपत्रक मागवू का, एवढंच मी ग्रुपवर विचारलं. अजून एकही अंगठा आलेला नाही.