आतल्या माणसाचा नकार

गेल्या रविवारी सांगलीहून धाकट्या भावाचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यानं विचारलं, "ताई, भाचा समलिंगी आहे हे आम्ही कधीच मान्य केलं. पण तो रिपब्लिकन पक्षात कसा? जे त्याला नको म्हणतात, त्यांच्याच दारात कशाला उभा राहतो?" हाच प्रश्न इथं ह्यूस्टनमध्ये मैत्रिणींनीही मला विचारलाय, काहींनी काळजीनं, काहींनी रागानं. भावाला फोनवर धड उत्तर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. मुलाला आणि त्याच्या बाबांना विचारून लिहितेय.

आधी माझं सांगते. २००८ पासून माझं मत दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाला गेलंय. नवरा तेलाच्या धंद्यातला इंजिनिअर, नागरिकत्व मिळालं त्या वर्षापासून पक्का रिपब्लिकन. मुलगा बाबांच्या वळणावर गेला. कर कमी असावेत, सरकारनं माणसाच्या आयुष्यात कमीत कमी ढवळाढवळ करावी, असं त्याला कॉलेजच्या आधीपासून मनापासून वाटतं. २०१२ मध्ये त्यानं आम्हाला सांगितलं की तो गे आहे. तेव्हा तो २२ वर्षांचा होता. मी रडले, मग त्याला जवळ घेतलं. बाबा उठून अंगणात गेले आणि पुढचे तीन आठवडे त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

त्या तीन आठवड्यांनंतर त्या दोघांचं बोलणं सुरू झालं ते निवडणुकीवरून. रॉम्नी की ओबामा, तेलाच्या किमती, अर्थसंकल्पातली तूट. मनातलं काहीच बोलता येत नव्हतं, पण पक्ष एकच असल्यामुळं टीव्हीसमोर शेजारी बसता येत होतं. मुलानं तेव्हा पक्ष सोडला असता तर आमच्या घरात बाप-लेकाला बोलायला एकही विषय उरला नसता. माझ्या सगळ्या मताची सुरुवात इथून होते, म्हणून हे आधी सांगितलं.

पुढच्या वर्षी, मार्च २०१३ मध्ये, ओहायोचे रिपब्लिकन सिनेटर रॉब पोर्टमन यांनी जाहीर केलं की समलिंगी विवाहाला त्यांचा पाठिंबा आहे. १९९६ मध्ये अशा विवाहांना केंद्र सरकारची मान्यता नाकारणारा कायदा झाला, तेव्हा त्यांनी त्याच्या बाजूनं मत दिलं होतं. २०११ मध्ये त्यांच्या मुलानं त्यांना स्वतःबद्दल सांगितलं आणि दोन वर्षं विचार करून त्यांनी भूमिका बदलली. ती बातमी माझ्या नवऱ्यानं छापून घेतली आणि एक अक्षर न बोलता स्वयंपाकघरात माझ्यासमोर ठेवली. मी वर्षभर जे समजावत होते, ते त्या एका पानानं केलं होतं. कारण ते पान त्याच्या पक्षातल्या माणसाचं होतं, मुलाच्या बापाचं होतं. माझं म्हणणं त्याला कायम "तुमच्या लोकांचं" वाटायचं.

मुलगा समलिंगी रिपब्लिकनांच्या ज्या संघटनेचा सभासद आहे तिचं नाव लॉग कॅबिन रिपब्लिकन्स, म्हणजे 'ओंडक्यांचं खोपट'. अब्राहम लिंकन लाकडाच्या ओंडक्यांच्या खोपटात जन्मले, ते या पक्षाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, म्हणून हे नाव. १९७७ च्या सुमारास कॅलिफोर्नियात तिची सुरुवात झाली. तेव्हा जॉन ब्रिग्स नावाचा राज्यातला सिनेटर जनमताला एक प्रस्ताव आणत होता: सरकारी शाळांतून समलिंगी शिक्षकांना काढून टाकायचं. त्याच्या विरोधात जे उभे राहिले त्यांत रोनाल्ड रीगनही होते. दोनच वर्षांनी ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरणार होते आणि गप्प बसणं त्यांच्या फायद्याचं होतं. तरी त्यांनी वर्तमानपत्रात त्या प्रस्तावाविरुद्ध लिहिलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये १०० पैकी ५८ मतं विरोधात पडली आणि प्रस्ताव आपटला. मुलगा ही गोष्ट अभिमानानं सांगतो, आणि त्याचा अभिमान खरा आहे. पुराणमतवादी विचारातूनही माणसाच्या खाजगी आयुष्याला संरक्षण मिळू शकतं, याचा हा पुरावा आहे.

पण पुढचा इतिहास मला आठवतो. आम्ही १९९१ मध्ये इथं आलो. मुलगा दीड वर्षाचा होता. पुढच्याच ऑगस्टमध्ये रिपब्लिकन पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन आमच्या गावात, ॲस्ट्रोडोममध्ये भरलं. इथलं इंग्रजी कानाला सवयीचं व्हावं म्हणून आम्ही टीव्ही लावून बसायचो. पक्षाचे एक नेते पॅट ब्युकॅनन यांचं भाषण झालं. देशाच्या आत्म्यासाठी लढाई चालू आहे, सांस्कृतिक युद्ध चालू आहे, आणि समलिंगी जोडप्यांना कायद्यात नवराबायकोसारखा दर्जा देण्याची कल्पनाच नीतीला सोडून आहे, असं ते म्हणाले. सभागृह टाळ्यांनी दणाणलं. मी मांडीवर पोराला घेऊन वरणभात भरवत होते. ते भाषण त्याच्याबद्दलही होतं हे कळायला मला वीस वर्षं लागली.

त्या अधिवेशनानंतर लॉग कॅबिननं थोरल्या बुशना पाठिंबा द्यायचं नाकारलं. हे मला फार मोठं वाटतं. तीनच वर्षांनी, १९९५ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे पक्षाचे नेते बॉब डोल यांच्या प्रचारयंत्रणेनं या संघटनेची १,००० डॉलरची देणगी परत पाठवली. नंतर डोल यांनीच कबूल केलं की ती चूक झाली. १९९६ मध्ये टेक्सास राज्याच्या पक्ष अधिवेशनात संघटनेनं स्टॉल मागितला, तो मिळाला नाही. प्रकरण कोर्टात गेलं. खालच्या कोर्टानं स्टॉल द्या म्हटलं, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये निकाल दिला की हा पक्षाचा अंतर्गत कारभार आहे, सरकारी कृती नव्हे. चार बाय चारचं टेबल मांडण्यासाठी ही माणसं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली! स्वतःच्याच पक्षाविरुद्ध! आणि हरल्यावरही पक्षातच राहिली. माझ्या मैत्रिणींना हा मूर्खपणा वाटतो. मला आपल्याकडच्या त्या बायका आठवतात, ज्या सासर सोडत नाहीत आणि सासरचं चुकलेलं खपवूनही घेत नाहीत.

२००४ हे त्यांचं सगळ्यात मोलाचं वर्ष, असं मी मानते. धाकटे बुश विवाहाची व्याख्या थेट राज्यघटनेत घालायला निघाले होते. स्वतःच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष, पुन्हा निवडून यायच्या बेतात असलेला. लॉग कॅबिननं त्या घटनादुरुस्तीविरुद्ध टीव्हीवर जाहिरात केली, तीही उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांचेच जुने शब्द वापरून. सप्टेंबरमध्ये त्यांच्या संचालक मंडळानं २२ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, पाठिंबा नाही. त्याच वर्षी त्यांनी सैन्यातल्या समलिंगी माणसांना ओळख लपवायला लावणाऱ्या धोरणाविरुद्ध अमेरिकन सरकारवर दावा लावला. तो सहा वर्षं चालला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल न्यायाधीश व्हर्जिनिया फिलिप्स यांनी ते धोरण घटनाबाह्य ठरवलं. डिसेंबरमध्ये संसदेनं ते रद्द करायचा कायदा केला आणि सप्टेंबर २०११ मध्ये ते संपलं. मोर्चे बाहेरच्यांनी काढले, मार बाहेरच्यांनी खाल्ला, पहिला मान त्यांचा. पण या दाव्यावर वादी म्हणून रिपब्लिकनांचं नाव आहे, आणि "हा डाव्यांचा उद्योग" असं त्याबद्दल कुणाला म्हणता आलं नाही.

ब्रिटनमध्येही हीच गोष्ट थोड्या वेगळ्या पावलांनी घडली. तिथल्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षात समलिंगींचा गट १९७५ पासून आहे. त्यांच्याच पक्षाच्या सरकारनं १९८८ मध्ये 'कलम २८' आणलं, म्हणजे स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांना उत्तेजन देऊ नये, शाळांतही नको. ते दिवस त्या गटानं कसे काढले असतील! २०११ मध्ये पंतप्रधान कॅमेरॉन पक्षाच्या अधिवेशनात म्हणाले की मी कॉन्झर्व्हेटिव्ह असूनही नव्हे, तर कॉन्झर्व्हेटिव्ह आहे म्हणूनच समलिंगी विवाहाच्या बाजूनं आहे. २०१३ मध्ये मतदान झालं तेव्हा त्यांच्याच पक्षाचे जितके खासदार बाजूनं होते, त्याहून जास्त विरोधात गेले. तरी कायदा झाला.

आता ज्यावरून आमच्या घरात भांडण आहे ते सांगते.

२०१६ मध्ये लॉग कॅबिननं ट्रम्प यांना पाठिंबा दिला नाही. २०१९ मध्ये, निवडणुकीला सव्वा वर्ष बाकी असताना, २०२० साठी दिला. संघटनेच्या कार्यकारी संचालक जेरी ॲन हेन्री यांनी त्यानंतर पद सोडलं, संचालक मंडळातूनही राजीनामे आले. मुलाचं म्हणणं मी प्रामाणिकपणे मांडते. तो म्हणतो, जगभरात समलिंगी संबंध गुन्हा मानणारे कायदे रद्द व्हावेत म्हणून त्या सरकारनं मोहीम सुरू केली, एचआयव्हीचा फैलाव थांबवण्याची योजना आणली, रिचर्ड ग्रेनेल यांच्यासारख्या उघड गे माणसाला गुप्तचर खात्याचं हंगामी प्रमुखपद दिलं. दार उघडतंय तर आत जायचं नाही का? तो असंही दाखवतो की २०२२ मध्ये विवाहांना संरक्षण देणारा कायदा सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ मतांनी झाला, त्या ६१ मध्ये १२ रिपब्लिकन होते आणि ते नसते तर तो मतदानापर्यंतही पोचला नसता. पोर्टमन त्या बारांत होते. २०२४ च्या पक्षाच्या जाहीरनाम्यातून "एक पुरुष, एक स्त्री" ही विवाहाची व्याख्या गेली. हे सगळं खरं आहे. यामागं त्याच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं सभांना जाऊन, खुर्च्या मांडून, टोमणे ऐकून केलेलं काम आहे, हेही मला दिसतं.

पण २०१७ च्या जुलैत याच राष्ट्राध्यक्षांनी ट्रान्स, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा किंवा मुलगी ठरवलेल्या ओळखीपेक्षा वेगळी ओळख असणाऱ्या, सैनिकांना सैन्यातून बाहेर ठेवण्याची घोषणा केली होती. ज्या संघटनेनं सैन्यातल्या माणसांसाठी सहा वर्षं कोर्ट लढवलं, तिनं दोन वर्षांत त्याच माणसाला पाठिंबा दिला. आणि २०२४ च्या ज्या जाहीरनाम्यातून विवाहाची ती ओळ गेली, त्यातच ट्रान्स माणसांविरुद्धची आश्वासनं आली. मी मुलाला म्हटलं, तुझ्या पानात वाढून झालं म्हणून पंगत उठवायची नसते. शेवटच्या पानावर मीठ तरी पडलंय का, हे बघायचं असतं.

हे मी तत्त्वासाठी म्हणत नाही. आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातली मुलगी ट्रान्स आहे. माझ्या हातचे बेसनाचे लाडू खात वाढलेली. टेक्सासमध्ये २०२३ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांच्या लिंगबदलाच्या उपचारांवर बंदी आली आणि त्या घरानं सामान बांधलं, राज्य सोडलं. तिच्या आईनं जाताना तुळशीचं रोप माझ्याकडं दिलं. ते मी रोज बघते.

टेक्सासच्या पक्षानं तर मुलाच्या संघटनेलाही जवळ केलेलं नाही. जून २०२२ मध्ये राज्य अधिवेशन इथंच ह्यूस्टनला झालं. पुन्हा स्टॉल नाकारला. वर पक्षाच्या राज्य जाहीरनाम्यात लिहिलं की समलैंगिकता ही 'ॲबनॉर्मल' जीवनशैलीची निवड आहे. थोरल्या ट्रम्पपुत्रानंही त्या स्टॉलबंदीवर टीका केली, पण स्टॉल मिळाला नाही. त्या आठवड्यात मुलगा जेवायला आला तेव्हा बाबांनी त्याच्या पानात स्वतः उठून आमटी वाढली. पाच महिन्यांनी विवाहाचा कायदा सिनेटमध्ये आला, तेव्हा माझ्या नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा टेक्सासच्या दोन्ही सिनेटरांना पत्रं लिहिली. दोघांनीही विरोधात मत दिलं. पत्राची प्रत त्यानं पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवलीय.

भावानं असंही विचारलं होतं की आपल्याकडं असं काही आहे का. महाराष्ट्रात राष्ट्रवादीनं २०२० मध्ये एलजीबीटी सेल, म्हणजे समलिंगी आणि ट्रान्स माणसांसाठीचा विभाग, काढला, पण तो पक्ष या अर्थानं परंपरावादी नाही. संघाचे दत्तात्रेय होसबाळे २०१६ मध्ये म्हणाले होते की हा गुन्हा मानू नये, आणि लगेच खुलासा केला की हे अनैतिक आहे. २०२३ च्या सुरुवातीला सरसंघचालक मोहन भागवतांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन सांगितलं की अशी माणसं समाजात पूर्वीपासून आहेत आणि त्यांना त्यांची जागा मिळाली पाहिजे. त्याच वर्षी केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाला विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयानंही तो हक्क दिला नाही. मी वाढले त्या घरांत शाखेत जाणारे, भजनं म्हणणारे, आणि गे असलेले पुरुष होते. मी दोघांना ओळखते. त्यांच्यातला एकही आपल्या वर्तुळात उभा राहून "मी तुमच्यातलाच आहे" असं म्हणू शकला नाही. म्हणून भावाला मी सांगते, भाचा दारात उभा आहे ते चांगलंच आहे. तो तिथं उभा राहून काय बोलतो, एवढंच मी विचारते.

१९९२ मध्ये त्यांनी नाही म्हटलं, २००४ मध्ये नाही म्हटलं, २०१६ मध्ये नाही म्हटलं. तोवर कुणी त्यांना मोठ्या घरी मेजवानीला बोलावत नव्हतं. आता बोलावतात. आता नाही म्हणणं जास्त जड जाणार, हे मलाही कळतं.

हे मी मुलाला गेल्या महिन्यात परत एकदा म्हटलं. तो चिडला, गाडीची किल्ली घेऊन निघाला, आणि दारातून परत आला. म्हणाला, "आई, पत्र लिहायचं तर या वेळी सिनेटरला नाही, आमच्याच संघटनेला लिहायला हवं." आता मसुदा जेवणाच्या टेबलावर आहे. पहिला परिच्छेद त्याच्या बाबांनी लिहिलाय, दुसरा त्यानं. तिसऱ्यात त्या मुलीबद्दल, तिचं नाव न घेता, किती लिहायचं यावर काल रात्री अकरापर्यंत दोघांचा वाद चालू होता.